दादमहाल कुठे होता?

कर्नाटकाच्या मोहिमेवर निघालेले छत्रपती शिवाजी महाराज १६७७ च्या सुरुवातीला हैदराबादेत पोचले. त्या वेळचे मराठी लोक या शहराला भागानगर म्हणत. अबुल हसन कुतुबशहाशी त्यांची भेट झाली, मोहिमेचा खर्च आणि तोफखाना यांची बोलणी झाली आणि दक्षिण दिग्विजयाला पाठबळ मिळाले. मराठी वाचकाला हा प्रसंग तोंडपाठ असतो. महाराजांचे वकील प्रल्हाद निराजी आणि कुतुबशहाचे कारभारी मादण्णा-आकण्णा हे बंधूही त्याच्या ओळखीचे असतात. भेट नेमकी कोणत्या इमारतीत झाली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. गोवळकोंड्याचा किल्ला अजून उभा असल्यामुळे पुष्कळांच्या मनात हा प्रसंग त्या किल्ल्यातच घडलेला असतो.

तो घडला भागानगरात. कृष्णाजी अनंत सभासद यांनी जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली. तिच्यात सजवलेले रस्ते आहेत, ओवाळायला निघालेल्या बायका आहेत, महाराजांनी उधळलेले सोने-रुपे आहे. या वर्णनाच्या आधाराने जदुनाथ सरकारांनी शिवचरित्रात मिरवणुकीचा शेवटचा टप्पाही सांगितला आहे. मिरवणूक दादमहालापाशी थांबते, महाराज पाच सहकाऱ्यांसह जिने चढून वर जातात आणि वरच्या दिवाणखान्यात कुतुबशहा वाट पाहत असतो. दाद मागायला येणाऱ्यांचे म्हणणे ऐकण्याचा हा महाल होता. आज त्याची एक भिंतही दाखवता येत नाही. तरी तो कुठे असावा हे बरेचसे सांगता येते. ते कसे सांगता येते, हाच या लेखाचा विषय आहे.

नाहीशा झालेल्या इमारतीचा शोध जे टिकले आहे तिथून सुरू करावा लागतो. हैदराबादेत सर्वांत चिवट ठरले ते रस्ते. मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये चारमिनार उभारला आणि तिथून चार दिशांना चार रस्ते काढले. त्याचा पेशवा मीर मोमीन हा इराणच्या अस्तराबादचा, आणि शहराच्या आखणीचे श्रेय परंपरेने त्याला दिले जाते. चारमिनारपासून उत्तरेला साधारण पाव किलोमीटरवर गुलजार हौज आहे. आज ते गर्दीतले छोटे कारंजे वाटते. पूर्वी ते ‘चार सू का हौज’ होते, जिलूखाना नावाच्या राजचौकाचा मध्यबिंदू. या हौजापासून चारही दिशांना सारख्या अंतरावर चार उंच कमानी उभ्या आहेत. चार कमान म्हणून हैदराबादकर आजही तो भाग ओळखतात. सराफांच्या दुकानांनी कमानींचे पाय झाकले आहेत, पण कमानी जागच्या हललेल्या नाहीत.

या चार कमानींची कामे वेगळी होती आणि दादमहालाचा पहिला पुरावा तिथेच आहे. दक्षिणेची चारमिनार कमान चारमिनारकडे जाते. उत्तरेची मच्छली कमान नदीच्या बाजूची. पूर्वेच्या काली कमानीवर शाही नक्कारखाना होता. राजाची नौबत तिथे झडे. पश्चिमेची कमान ही राजवाड्याची देवडी. तिच्यावर जरीचा भरजरी पडदा असे, असे शहराचे जुने इतिहास सांगतात. पुढे तिला ‘सहर-ए-बातिल’ म्हणजे जादूटोणा निष्प्रभ करणारी म्हणू लागले. लोकांच्या जिभेवर त्याचे ‘शेर-ए-बातिल’ झाले आणि कमानीच्या पश्चिमेची वस्ती ‘मिट्टी का शेर’ या नावाने रूढ झाली. मूळ नावात वाघ-सिंह कोणी नसावा. देवडी पश्चिमेला आहे, तेव्हा राजवाडा चौकाच्या पश्चिमेला होता, एवढे या एका कमानीवरून निश्चित होते.

दुसरी पायरी वजाबाकीची. कुतुबशाहीतल्या ज्या इमारती आजही उभ्या आहेत, त्यांनी अडवलेली जागा राजवाड्याला मिळणे शक्य नाही. मुहम्मद कुलीची जामा मशीद १५९७-९८ ची, चारमिनारच्या ईशान्येला. दारुश्शिफा हा १५९५ चा दवाखाना आणखी पुढे, नदीकडे. बादशाही आशूरखानाही १५९० च्या दशकातला आणि तोही उत्तरेला. मक्का मशिदीचे काम १६१७ मध्ये सुरू झाले. ती चारमिनारच्या नैर्ऋत्येला आहे. या जागा नकाशावर भरल्या की चारमिनारजवळचा, चौकाला लागून असलेला एकच मोठा पट्टा मोकळा उरतो. तो वायव्येचा. त्याच्या पूर्वेला चारमिनार ते गुलजार हौज हा रस्ता आहे, दक्षिणेला बांगड्यांचा लाड बाजार आणि वरच्या अंगाला पश्चिम कमानीतून निघणारी वाट. कमानीने दाखवलेली दिशा आणि वजाबाकीने उरलेली जागा एकमेकींना धरून आहेत.

इथवर आपण राजवाड्याच्या आवारापर्यंत आलो. आवार मोठे होते. फारसी तवारिखांत आणि मुहम्मद कुलीच्या दखनी कवितेत अनेक महालांची नावे येतात: खुदादाद महाल, सजन महाल, हैदर महाल. या कवितांचे पाठ मोहिउद्दीन कादरी जोर यांनी संपादित करून १९४० मध्ये प्रसिद्ध केले. कवी स्वतःच त्या महालांचा मालक होता. पण स्वतःच्या घराचा पत्ता कोणी कवितेत देत नाही. महालांचे मजले, त्यांतला आनंद, उत्सव हे सारे त्यात आहे. कोण कोणाच्या डावीकडे होता हे नाही. त्यासाठी बाहेरून आलेल्या माणसाचीच नजर लागते, कारण बाहेरचा माणूस घरच्यांनी गृहीत धरलेल्या गोष्टी लिहून ठेवतो.

असा माणूस म्हणजे फ्रेंच प्रवासी झाँ द थेव्हेनो. शिवाजी महाराजांच्या भेटीआधी सुमारे दहा वर्षे, १६६६-६७ मध्ये, तो हिंदुस्थानात होता. परतताना १६६७ मध्ये इराणात वारला. त्याच्या वेळी अबुल हसनचा सासरा अब्दुल्ला कुतुबशहा गादीवर होता. थेव्हेनोने या चौकाचे वर्णन केले आहे आणि त्यातली चार निरीक्षणे आपल्या कामाची आहेत. राजवाडा चौकाची एक संपूर्ण बाजू व्यापून चारमिनारपर्यंत पसरला होता आणि तिथे एका उंच मंडपाने संपत होता. त्याची लांबी ३८० पावले होती. मोठ्या दगडांच्या भिंतीला चौकाच्या बाजूने बऱ्याच खिडक्या होत्या आणि खेळ-तमाशे पाहण्यासाठी एक मोकळी गॅलरी होती. चौथे, चारमिनारच्या माथ्यावर पाण्याचा साठा होता आणि तिथून नळांनी राजवाड्यात, अगदी वरच्या दालनांपर्यंत पाणी जात असे.

हे चारही मुद्दे ताडून पाहता येतात. पावलाची लांबी माणसागणिक बदलते, पण साधे चालीचे पाऊल पाऊण मीटर धरले तर ३८० पावले म्हणजे २८५ मीटर. चारमिनार ते गुलजार हौज अंतर पाव किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे थेव्हेनोने मोजलेली भिंत चारमिनारपासून निघून चौकाच्या बाजूने हौजाच्या पातळीपर्यंत किंवा थोडी पुढे जाते. आजच्या रस्त्याच्या पश्चिम कडेला ती बरोबर बसते. तोच आकडा दुहेरी पावलांचा म्हणजे दीड मीटरचा मानला तर भिंत ५७० मीटर होते आणि उत्तरेला कमानींच्या पलीकडे निघून जाते. पहिला अर्थ जमिनीशी अधिक जुळतो.

पाण्याचा मुद्दाही अंतराचाच आहे. पंप नसलेल्या काळात पाणी उंचावरून खाली आपल्या भाराने वाहते. ते वरच्या मजल्यांवर पोचवायचे तर साठा त्या मजल्यांपेक्षा उंच हवा आणि नळाची वाट फार लांब नको. चारमिनारच्या माथ्यावरचे पाणी वापरणारा राजवाडा त्याच्या सावलीतच असणार. त्याच सुमारास या शहरात येऊन गेलेला हिऱ्यांचा व्यापारी ताव्हेर्निये राजवाड्याच्या गच्च्यांवरील बागांबद्दल लिहितो. तिथली झाडे एवढी मोठी होती की खालच्या कमानी तो भार कसा पेलतात, याचे त्याला नवल वाटले. गच्चीवर मोठी झाडे जगवायला रोज पाणी लागते. थेव्हेनोची नळयोजना आणि ताव्हेर्नियेच्या बागा ही एकाच व्यवस्थेची दोन टोके वाटतात. दोघांनी ती वेगवेगळी पाहिली, म्हणून त्यांच्या साक्षीला वजन आहे.

आता दादमहालाकडे येऊ. राजवाड्याच्या आतल्या भागात कोणालाही प्रवेश नव्हता. थेव्हेनो सांगतो की राजाच्या खास परवानगीशिवाय आत जाता येत नसे आणि चौकातही खुणा करून आखलेली एक मर्यादा होती, ती ओलांडायची नाही. अशा राजवाड्यात रयतेची गाऱ्हाणी ऐकण्याची जागा आत खोलवर असू शकत नाही. ती बाहेरच्या कडेला, चौकाकडे तोंड करून असणार, म्हणजे फिर्यादी खाली आणि राजा वर. मराठी वर्णनातल्या जिन्यांचा अर्थ इथे लागतो. महाराज जिने चढून वर गेले, म्हणजे दिवाणखाना वरच्या मजल्यावर होता. थेव्हेनोच्या चौकाकडच्या खिडक्या आणि मोकळी गॅलरीही वरच्या पातळीवरच असणार. दोन्ही वर्णने वेगवेगळ्या भाषांतली, एक परक्या प्रवाशाचे, दुसरे पाहुण्याच्या बाजूचे, आणि तरी दोन्हींत राजवाड्याचे तोंड चौकाकडे आणि बसण्याची जागा उंचावर आहे.

या मांडणीचे नातेवाईक इराणात आहेत आणि ते आजही पाहता येतात. इस्फहानचा नक्श-ए-जहान हा मैदानचौक १५९८ नंतर शाह अब्बासने बांधायला घेतला. तिथे पश्चिमेला अली कापू हा राजवाड्याचा दरवाजा आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर खांबांची मोकळी गॅलरी. शाह तिथे बसून मैदानातले खेळ पाहत असे. नक्कारखाना वेगळ्या बाजूला, बाजाराच्या दारावर. हैदराबादची आखणी इस्फहानच्या या चौकाआधीची, त्यामुळे कोणी कोणाची नक्कल केली असे म्हणता येत नाही. दोन्ही शहरे इराणी दरबाराच्या एकाच परंपरेतली आहेत. पण अली कापूसमोर उभे राहिले म्हणजे दरवाजा, गॅलरी आणि मैदान यांचे परस्पर नाते कळते, आणि हैदराबादच्या पश्चिम कमानीच्या आजूबाजूला काय असू शकले असते त्याचा अंदाज येतो.

सगळे पुरावे एकत्र ठेवले तर त्यांचा कल असा दिसतो. दादमहाल गुलजार हौजाच्या पश्चिमेला, जिलूखान्याच्या कडेवर, पश्चिम कमानीपासून चारमिनारकडे येणाऱ्या पट्ट्यात कुठेतरी होता. घर क्रमांक देता येत नाही, मोहल्ला देता येतो. गोवळकोंडा किल्ला इथून पश्चिमेला आठ-नऊ किलोमीटर दूर आहे, मध्ये मुसी नदी आणि १५७८ चा पुराना पूल आहे. त्या तुलनेत काही शे मीटरांच्या आत आलेले उत्तर लहान नाही.

एवढा मोठा राजवाडा गेला कसा? १६८५ मध्ये औरंगजेबाचा शहाजादा मुअज्जम याच्या फौजा हैदराबादेत शिरल्या, अबुल हसनने किल्ल्याचा आसरा घेतला आणि शहर लुटले गेले. मादण्णा-आकण्णांची १६८६ मध्ये हत्या झाली. गोवळकोंडा सुमारे आठ महिने झुंजून १६८७ मध्ये पडला. अबुल हसनला औरंगजेबाने दौलताबादच्या चिनी महालात कैदेत ठेवले. १६९९ मध्ये तिथेच त्याचा अंत झाला आणि खुलताबादला दफन झाले. ज्या राजाचा दरबार हैदराबादेत शोधावा लागतो, त्याचा तुरुंग छत्रपती संभाजीनगरजवळ आजही पाहता येतो.

राजवाड्याला त्यानंतर मालक उरला नाही, आणि घडवलेला दगड, सागवान आणि मोक्याची जमीन बेवारस राहत नाहीत. निजामांची राजधानी सुरुवातीला औरंगाबादेत होती. निजाम अली खानाने ती १७६३ मध्ये हैदराबादला आणली. दरबारासोबत सरदार आले, त्यांना देवड्या हव्या होत्या. चौमहल्ला राजवाडा चारमिनारच्या नैर्ऋत्येला उभा राहिला, चौकाभोवती बाजार दाटला. राजवाडा एका दिवसात जमीनदोस्त झाला, अशी कल्पना करण्याची गरज नाही. लुटीनंतर शतकभर त्याचे तुकडे नव्या भिंतींत जात राहिले असतील, तरी त्याचा माग पुसायला तेवढे पुरेसे आहे.

या शोधात जागांच्या नावांचा मोह मोठा असतो. गोशामहाल हा अबुल हसनच्या काळातला राजवाडा नदीच्या उत्तरेला होता. राजवाडा गेला, नाव वस्तीला राहिले, आणि तिथली बारादरी मेसॉनिक लॉज म्हणून अजून वापरात आहे. इथे नावाला इमारतीचा दुजोरा आहे. फलकनुमा राजवाड्याच्या टेकडीबाबत मात्र अभ्यासकांच्या मतावरच भिस्त आहे. मुहम्मद कुलीने ज्यावर कविता केली तो कोह-ए-तूर महाल याच टेकडीवर होता, असे कुतुबशाहीचे अभ्यासक मानतात. पुढे १८८४ च्या सुमारास विकारुल उमरा यांनी महालासाठी तीच जागा निवडली. याउलट दोमलगुड्याजवळचे गगनमहाल. नावात महाल आहे म्हणून चारमिनारजवळच्या राजवाड्याचा भाग तिथे शोधायला गेलो तर कित्येक किलोमीटर वाट चुकते. हरिबावलीतले आकण्णा-मादण्णा मंदिर त्या दोन बंधूंची आठवण शहरात जिवंत ठेवते, पण त्यावरून दरबाराची जागा ठरत नाही. नाव ही साक्ष आहे. तिची उलटतपासणी जमिनीवर, दिशेवर आणि दुसऱ्या कागदावर करावी लागते.

नकाशांचेही तसेच. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला आलेल्या महापुराने हजारो माणसे नेली. त्यानंतर शहराची नव्याने आखणी करताना लेओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली हैदराबादची तपशीलवार मोजणी झाली. या नकाशांत गल्ल्या, विहिरी, मशिदी, देवड्यांच्या भिंती आहेत. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या शहर सुधारणा मंडळाने आणि पत्थरगट्टीच्या नव्या बांधकामाने जुन्या शहराचा काही भाग बदलला, तेव्हा त्याआधीचे रूप पाहायचे तर हे नकाशेच उपयोगी. मात्र कुतुबशाही राजवाडा त्यांत दिसणार नाही. तो जाऊन तेव्हा दोन शतके झाली होती. त्यांत पाहायचे ते वेगळेच: सरळ लांब हद्द, विनाकारण एका रेषेत आलेल्या घरांच्या मागच्या भिंती, इतर गल्ल्यांशी न जुळणारा कोन. जुन्या भिंतीचा पाया फोडण्यापेक्षा त्यावरच भिंत चढवणे गवंड्याला स्वस्त पडते, म्हणून इमारत गेल्यावरही तिची कड कित्येकदा हद्दीच्या रूपाने राहते.

अशा शोधाला खात्रीचा शेवट मिळाल्याचे उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये बांधायला घेतलेला नॉनसच राजवाडा १६८० च्या दशकात पाडून त्याचे सामान विकले गेले आणि जागाही विस्मरणात गेली. कागद आणि जुनी चित्रे जुळवून अभ्यासकांनी जागा ठरवली आणि १९५९ मध्ये खणले, तेव्हा पायाचा आराखडाच हाती आला. तिथे वरची जमीन मोकळी बाग होती. इथे वर चालता बाजार आहे, माणसे राहतात, आणि भेटीची जागा शोधण्यासाठी कोणाचे घर खणावे असे कोणी म्हणणार नाही.

तरीही संधी येत असतात. जुन्या शहरात जलवाहिन्या, गटारे, विजेच्या केबली यांसाठी रस्ते वारंवार खोदले जातात. चारमिनार ते गुलजार हौज रस्त्याच्या पश्चिम कडेला असा चर निघाला की पुरातत्त्व खात्याचा एक माणूस मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन तिथे तासभर उभा राहिला, तर काम अडत नाही. घडीव दगडांची रुंद भिंत उत्तर-दक्षिण जाताना दिसली, मातीच्या नळांचा तुकडा चारमिनारकडून येताना दिसला, तर थेव्हेनोची ३८० पावले जमिनीवर उतरतील. काहीच सापडले नाही तरी ती नोंदही उपयोगाची, कारण पुढच्या वेळी शोधायची जागा तेवढी कमी होते. दादमहालाचा शोध आता ग्रंथालयातून या रस्त्यावर आला आहे. पुढचा पुरावा मिळाला तर पालिकेच्या एखाद्या चरातूनच मिळेल, आणि तो चर बुजण्यापूर्वी पाहणारे कोणी तिथे असले पाहिजे.